नापास पोरीची वही

माझ्या लहानपणाचं सांगण्यासारखं फार नाही. ते दोन पानांत सांगून संपेल, आणि त्यातलंही निम्मं शेळ्या राखण्यातच जाईल. हे प्रकरण माझ्या नातीच्या सोळाव्या वर्षाचं आहे. पण सुरुवात माझ्यापासून करावी लागते, नाहीतर मी तेव्हा घरात एवढी का भांडले ते कळायचं नाही.

मोडनिंबजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. चौथीचा शेवटचा पेपर गणिताचा. तो लिहून मी घरी आले, आणि निकाल लागायच्या आधीच वडिलांनी मला सोलापूरला चुलत्याकडे आणून सोडलं. चुलता चादरीच्या कारखान्यात मागावर होता. मला तिथं कांड्या भरायला बसवलं. कांडी म्हणजे लाकडाची बोटभर जाड काठी, तिच्यावर सूत गुंडाळायचं आणि ती धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या लाकडी होडीत, जाऊन बसते. मी पास झाले की नापास, हे मला आजपर्यंत माहीत नाही. कुणी विचारायला गेलंच नाही. मी त्यासाठी रडले वगैरे नाही. सोलापुरात वीज होती आणि शेळ्या नव्हत्या, मला बरंच वाटलं. पण मुलीला शाळेतून काढतात म्हणजे काय करतात, हे मला दुसऱ्यानं सांगायला नको.

म्हणून माझी सून सुनीता एक दिवस सकाळी म्हणाली, "आत्या, अनुजाला शाळेतून काढायचं ठरवलंय आम्ही," तेव्हा माझ्या हातातला पिठाचा गोळा मी परातीत आपटला. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. एरवी ती मला विचारून ठरवते. त्या दिवशी ठरवून सांगितलं.

"काडायचं म्हंजे? काय केलं तिनं?"

"काही केलं नाही. घरी शिकेल."

"घरी शिकत्यात ते भाकरी थापाय. मी शिकले की. बग, कशी गोल येतीया."

सुनीता बार्शीची, बी.ए. झालेली. ती ओरडत नाही, तेच अवघड जातं. तिनं सांगितलं की अनुजा गणिताचं पुस्तक गणपतीच्या आधीच संपवते आणि उरलेलं वर्ष वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसते. शाळेत काही विचारलं तर 'ते परीक्षेला नाही' असं उत्तर मिळतं. शिक्षकांचा दोष नाही, एका वर्गात साठ पोरं, ते तरी काय करतील. घरी बसून वाचेल, दहावीला बाहेरून बसेल. मी चार दिवस सुनीतेशी बोलले नाही. पाचव्या दिवशी पाणी आलं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं आणि त्या दिवशी कुणी कुणाशी अबोला धरू शकत नाही. "ती घागर इकडं सरकव," असं म्हणावंच लागतं.

तर पोरगी घरी राहिली. दोन वर्षं मी ते रोज बघितलं, म्हणून सांगते. सकाळी सुनीता तिच्याबरोबर तास-दोन तास बसायची, मग शिवणाचं काम घ्यायची. अनुजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची, पाठ चौकटीच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, मांडीवर वही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिला ओलांडून जायचं. घराच्या मागच्या भिंतीला लागून माग चालायचे, खटाखट खटाखट, ताटातली वाटी हलायची. त्या आवाजात तिचं डोकं चालायचं. दुपारी जेवायला माग थांबले की ती मान वर करून विचारायची, "काय झालं?" कडक भाकरीचा तुकडा मोडून शेंगाच्या चटणीत बुडवायचा, दह्यात बुडवायचा, आणि खाताना उजव्या हाताची बोटं चटणीची म्हणून डाव्या हातानं लिहायचं. तिच्या वह्यांना अजून तेलाचे डाग आहेत. मागचे माग आता बंद झाले. तिथं कुणीतरी गाड्या धुवायचं दुकान काढलं आहे. दुपारी एवढी शांतता असते की मला झोप लागत नाही.

दहावी ती बाहेरून चांगली पास झाली. खरी कटकट पुढं सुरू झाली. तिला पुढं गणितच शिकायचं होतं, नुसतं गणित. माझा मुलगा दत्ता होटगीला रेल्वेत कामाला आहे, पाळीनं जातो. इतके दिवस बायकोच्या मतानं चालला होता. आता तो म्हणाला, "दहावीपतूर ठीक हाय. हिच्या पुढचं गणित आपल्या घरात कुणाला येतंय? अकरावीला कॉलेजात नाव घालायचं."

सुनीता म्हणाली, "घरी राहूनच चांगला शिक्षक मिळाला तर?"

"कुटं हाय?"

"शोधते. ऑनलाइन."

"शोद. अकरावीच्या प्रवेशाची शेवटची यादी लागंपतूर मुदत. तवर नाय गावला, तर अनुजा कॉलेजात. मग रडायचं न्हाय कुणी."

अनुजानं मान हलवली. मी तिच्याकडं बघत होते. चौदाव्या वर्षी तिला घरी बसवलं तेव्हा भांडणारी मीच होते. पण आता तिचं तोंड बघून मला माझा कारखान्यातला पहिला दिवस आठवला. कुठं बसायचं हे दुसऱ्यानं ठरवलं की तोंड तसं होतं.

जे शोधायचं होतं त्याचं नाव प्रीकॅल्क्युलस. मी म्हटलं, "प्री म्हंजे बालवाडी न्हवं का? सोळा वर्साच्या घोडीला बालवाडीत घालताय व्हय?" सुनीता हसली आणि म्हणाली, तसंच आहे, पुढं कॅल्क्युलस नावाचं मोठं गणित येतं, त्याच्या आधीचं सगळं पक्कं करून घ्यायचं. हे कच्चं राहिलं की पुढं दोन वर्षांनी कुठंतरी तुटतं आणि कुठं तुटलं ते सापडत नाही. हे मला लगेच पटलं. मी गणितातलं म्हणून नाही, कांडीतलं म्हणून समजले.

शोध उंबऱ्यावरच सुरू झाला, मोबाइलवर. पहिला कोर्स रंगीत होता. बरोबर उत्तर दिलं की पडद्यावर फटाके उडायचे, चुकलं तरी 'छान प्रयत्न' म्हणायचा. अनुजाला अठ्ठ्याण्णव टक्के पडले आणि दत्तानं पेढे आणले. मी शेजारी शेंगा फोडत बसले होते. मला दिसत होतं की पोरीच्या हातात पेन्सिलच नाही.

"काय गं, लिवलं न्हाईस, आनि उत्तर कसं आलं?"

"आजी, चार उत्तरं दिलेली असतात. तीन चुकीची दिसतात की लगेच."

"म्हंजे तू काडलं न्हाईस. उरलं ते घेतलंस."

संध्याकाळी तिनंच तो कोर्स काढून टाकला. दत्ताला पेढ्यांचं वाईट वाटलं. दुसरा कोर्स परदेशातल्या एका म्हाताऱ्या मास्तरचा होता, फळ्यावर सुंदर शिकवायचा, पण आधीच चित्रण करून ठेवलेला. अनुजाला तो फार आवडला. तिनं वही भरली. मी विचारलं, "ही वही त्यो बगतो का?" म्हणाली, "नाही, कुणीच नाही बघत." मग तो मास्तर कितीही गोड असला तरी आमच्या काय कामाचा. तिसरे होते पुढच्या मोठ्या परीक्षांची तयारी करून घेणारे. त्यांच्याकडे सगळं वेगात, पायऱ्या गाळून, 'ही युक्ती पाठ करा' असं. तिथं अनुजा दोन दिवस बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी, हे मला पळवतायत. कुठं ते सांगत नाहीत."

सगळ्यांच्या जाहिरातीत मात्र पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. गळ्यात हार, तोंडात पेढा. ते बघून मला नरसम्मा आठवली.

नरसम्मा आमच्या कांडी खात्याची मुख्य बाई. तेलुगू बोलायची, मराठी तोडून तोडून. तिच्या हाताखाली नवी पोरगी आली की दुसऱ्या दिवशी ती म्हणायची, "चांगला नको. तुटला तो दाव." म्हणजे चांगली भरलेली कांडी नको, जिच्यात सूत तुटलं होतं ती दाखव. सूत सगळ्यांचंच तुटतं. तुटल्यावर गाठ मारायची असते, बारीक आणि पक्की, त्याला वेळ लागतो. आळशी पोरी गाठ न मारता तुटलेल्या टोकावरच पुढचं सूत गुंडाळतात. वरून कांडी गुटगुटीत दिसते. मागावर गेली की आत तुटते आणि चादरीत पट्टा पडतो. मीही दहाव्या वर्षी तसंच केलं होतं. नरसम्मानं माझ्यासमोर कांडी पूर्ण उकलली, टोक माझ्या नाकासमोर धरलं, आणि सगळी परत भरायला लावली. मारलं नाही. मारलं असतं तर मी विसरले असते.

म्हणून मी सुनीतेला म्हटलं, "त्या लोकांना फोन लाव. त्यांच्याकडनं नापास झालेल्या पोरीची वही माग."

"आत्या, असं कुणी मागतं का?"

"म्हनून तर माग."

ती मागेना, मग मीच बोलले. ती एक मजाच झाली. एका ठिकाणी फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे नापास कुणी होतच नाही." मी म्हटलं, "मग शिकवता काय?" तिनं फोन ठेवला. दुसरीकडं एका पोरानं मला 'ताई' म्हणत अर्धा तास सूट किती मिळेल ते सांगितलं आणि वहीचं विचारलं की परत सूट. दत्ता कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, तू लोकांचं डोकं खाऊ नगं. शेवटच्या यादीला आठवडाच राह्यलाय."

नाडगौडा मॅडमचा नंबर सुनीतेला घरी शिकवणाऱ्या दुसऱ्या एका आईकडून मिळाला. बेळगावच्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या. त्या ऑनलाइन एक छोटा वर्ग घ्यायच्या, दहा-बारा पोरांचा, आणि प्रीकॅल्क्युलस वर्षभर शिकवायच्या. जाहिरात नव्हती, फोटो नव्हता. मी फोन लावला आणि सरळ विचारलं, "तुमच्याकडं नापास झालेल्या पोरीची वही हाय का?"

पलीकडून आवाज आला, कानडी हेल असलेला, "एकच पाहिजे काय हो? माझ्याकडं गठ्ठा आहे की. कशाला पाहिजे?"

मी नरसम्माचं सांगितलं. त्या मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "बरोबर होती बघा ती बाई. पण वही त्या मुलीची आहे, माझी नाही. तिला विचारते. ती हो म्हणाली तर पाठवते."

दुसऱ्या दिवशी पानांचे फोटो आले, नावावर कागदाची पट्टी. मला इंग्रजी येत नाही, पण लाल आणि निळं कळतं. निळ्यापेक्षा लाल जास्त होतं. सुनीतानं वाचून दाखवलं: 'हे कुठून आलं?' 'इथून इथं कशी आलीस?' 'हे खरं आहे, पण का?' कुठंही शाब्बास नव्हतं, कुठं शिवीही नव्हती. पुढच्या पानावर तेच गणित परत, आणि परत. चौथ्या वेळी खाली एक छोटी बरोबरची खूण. मी ते पान दत्ताला दाखवलं. तो म्हणाला, "हे काय शिकवणं हाय का? चार-चार येळा एकच गणित." मी म्हटलं, "तू रेल्वेत हायस. रूळ एकदाच तपासता का?" त्यावर तो अंघोळीला गेला.

पण मॅडम सगळ्यांना घेत नसत. आधी एक परीक्षा. दहा गणितं, दोन दिवस वेळ, पुस्तकं उघडी ठेवली तरी चालतील, फक्त प्रत्येक पायरीचं कारण लिहायचं. अनुजानं ती हसत लिहिली. ती पास होणार यात घरात कुणाला शंकाच नव्हती.

दहापैकी तीन आले.

मला तो दिवस नीट आठवतो, कारण तो पाण्याचा दिवस होता. नळ चालू, बादल्या, पिंप, सगळीकडं धांदल, आणि मध्ये उंबऱ्यावर ही पोरगी मोबाइल हातात धरून दगडासारखी. दत्ता पाळीवरून आला, बघितलं, आणि खरं सांगायचं तर तो चिडला नाही. हळूच म्हणाला, "झालं ना आता. तीन दिसांनी शेवटची यादी हाय. त्या सकाळी कॉलेजात जाऊन फारम भरू." अनुजा म्हणाली, "बरं." तेवढंच. या घरात ती एवढ्या लवकर कशालाच बरं म्हणाली नव्हती. सुनीता पाठ फिरवून घागर भरत राहिली, भरून वाहायला लागली तरी भरत राहिली.

सगळं पाणी भरून झाल्यावर मी सुपात शेंगा घेऊन अनुजाच्या समोर बसले. मला समजूत काढता येत नाही. मी म्हटलं, "एक दाव. सोपं असंल ते दाव. कुटं तुटलं ते बगू."

"आजी, तुला नाही कळणार."

"नाय कळलं तर शेंगा फोडीन."

तिनं पहिलंच गणित दाखवलं. खाली मॅडमनं लाल शाईत लिहिलं होतं: 'भागाकार करताना काय टाकून दिलंस?' अनुजा वैतागून म्हणाली, "हे तर सातवीतलं पोर सांगेल. एक आकडा आहे. त्याला त्याच आकड्यानं गुणलं तर जेवढं येतं, तेवढंच त्याला पाचानं गुणून येतं. तर आकडा कोणता? पाच. मी पाच लिहिलंय. त्याला अर्धा मार्क!"

मला एवढंच येतं की क्रमानं जायचं. मी शेंगा फोडता फोडता म्हणायला लागले. एक एके एक, पाच एके पाच, नाही जमत. बे दुणे चार, पाच दुणे दहा, नाही. तीन त्रिक नऊ, पंधरा, नाही. चार चोक सोळा, वीस, नाही. पाच पंचे पंचवीस, दोन्हीकडं. जमलं. सहाला छत्तीस आणि तीस, पुढं लांबच चाललं. मग मी मागं आले. एकाच्या मागं काय राहिलं? आमच्या गावच्या मास्तरांनी शून्याचा पाढा एका दिवसात पाठ करून घेतला होता, सगळा वर्ग हसत होता.

"शून्य बी की," मी म्हटलं. "शून्याला शून्यानं गुणलं, शून्य. पाचानं गुणलं, शून्य. दोनीकडं सारखंच."

अनुजानं वही ओढून घेतली. बोटानं एकेक पायरी मागं जात पहिल्या ओळीवर आली. मग म्हणाली, "मी दोन्ही बाजूंना त्याच आकड्यानं भागलं. तो शून्य असेल तर भागताच येत नाही. मी शून्य कापून टाकलं आणि मला कळलंच नाही." आणि मग मोठ्यानं, "आई! आजीला बरोबर आलं आणि मला नाही!"

सुनीता ओल्या हातांनी आली. दत्ताही आला. अनुजानं त्याला तेच गणित घातलं. तो म्हणाला, "पाच." आम्ही तिघी त्याच्याकडं बघत राहिलो. "काय झालं? पाचच की!" मग समजावून सांगितल्यावर तो भिंतीला टेकून बसला.

मी त्याला म्हटलं, "दत्ता, ज्या कोर्सात हिला अठ्ठ्याण्णव पडले त्यात हे शून्य कुणी धरलं न्हाई. तू पेढे आणलेस. ह्या बाईनं पहिल्याच पानावर धरलं. मास्तर सापडली. आता तू फारम भरणार असशील तर भर."

तो म्हणाला, "पन तिनं घेतलं पायजे की हिला."

अनुजानं मॅडमना लिहिलं की परत बसू का. उत्तर आलं, बसा, पण गणितं दुसरी असतील. त्या दोन दिवसांत उंबऱ्यावर कुणी पाय ठेवला नाही, बाजूच्या दारानं ये-जा केली. शेवटच्या यादीच्या सकाळी दत्ता कॉलेजला जायचे कपडे घालून तयार होता, कागद पिशवीत. मोबाइल वाजला. दहापैकी सात, आणि खाली एक ओळ, सुनीतानं मोठ्यानं वाचली: 'तीन ठिकाणी अजून का ते सांगता आलं नाही. सोमवारी वर्गात त्याचपासून सुरू करू.' दत्तानं शर्ट बदलला आणि झोपायला गेला. त्याची रात्रपाळी झालेली होती, हे आम्ही विसरलोच होतो.

ते वर्ष सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. वर्ग आठवड्यात दोनदा, आणि त्यातला एक नेमका पाण्याच्या दिवशी यायचा. मॅडम पलीकडून विचारायच्या, "अनुजा, तिकडं धबधबा आहे काय ग?" वही कितीदा लाल होऊन आली ते मी मोजलं नाही. दोनदा ती चिडून जेवली नाही, तिसऱ्यांदा जेवून चिडली, तेव्हा मला कळलं की आता ठीक चाललंय. ती आता बाहेरगावी गणितच शिकते. फोन करते तेव्हा काय शिकतेय ते सांगते, मला एक अक्षर कळत नाही, मी शेंगा फोडत ऐकते.

कोर्स संपत आला तेव्हा मॅडमचा फोन आला. मला म्हणाल्या, "आजी, एका मुलीच्या वडिलांनी तुमच्यासारखंच विचारलंय. आधी कुणाची तरी कच्ची वही बघायची आहे म्हणतात. अनुजाचा पहिला पेपर पाठवू काय, तिनातला? नाव झाकते."

मी फोन अनुजाच्या कानाला लावला. तिच्या तोंडात भाकरी होती. ती तशीच म्हणाली, "पाठवा मॅडम. आणि नाव झाकू नका."

दत्ता खोलीतून ओरडला, "अगं ए! तिनाचा पेपर हाय त्यो! मधलं नाव माझं हाय की त्यात!"

"असू द्या बाबा," अनुजा म्हणाली. "तुम्हालाही पाचच आलं होतं."

पेपर गेला, नावासकट. मला कधी कधी वाटतं, माझा चौथीचा गणिताचा पेपर त्या शाळेच्या कपाटात कुठंतरी पडलेला असेल, नाहीतर वाळवीनं खाल्ला असेल. कुणाला सापडला तर मला आणून द्या. किती मार्क पडले ते मला नको आहे. कुठं तुटलं होतं तेवढं बघायचं आहे.